मुंबईतील वन्यजीव पुनर्वसन

वन्यजीव पुनर्वसन म्हणजे जखमी, आजारी किंवा पोरक्या झालेल्या वन्य प्राण्यावर उपचार करणे, त्याला स्वतंत्रपणे जगण्यास पुन्हा समर्थ करणे आणि त्याच्या नैसर्गिक अधिवासात परत सोडणे होय. या व्याख्येतील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. प्राण्याचा जीव वाचला, पण उरलेले आयुष्य त्याला पिंजऱ्यातच काढावे लागणार असेल, तर त्यास सांभाळ म्हणता येईल. पुनर्वसन म्हणता येणार नाही. पाळीव जनावर बरे झाले की मालकाच्या हाती सोपवून वैद्याचे काम संपते. वन्य प्राणी मात्र कोणाच्याही हाती सोपवावा लागला नाही, तरच काम पूर्ण झाले असे मानतात.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग हे मुंबईचे भाग दाट वस्तीचे असून तेथे जंगल नाही. तरीही घार, गव्हाणी घुबड, पिंगळा, रातबगळा, पोपट, कोकीळ, तांबट, वटवाघूळ, खार, धामण आणि क्वचित नाग असे अनेक वन्यजीव येथे माणसांच्या शेजारी राहतात. त्यांच्या जखमांची कारणेही बहुधा माणसाच्या व्यवहारातूनच येतात.

पार्श्वभूमी

मुंबईत प्राण्यांच्या संघटित सेवेची परंपरा जुनी आहे. १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरापोळ स्थापन झाला. आश्रयास आलेल्या प्राण्याला, तो उपयोगी असो वा नसो, त्याच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत पोसावे हे पांजरापोळाचे तत्त्व आहे. जीवदयेच्या या कल्पनेत प्राण्याला परत पाठवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गाईला किंवा शेळीला परत पाठवणार तरी कोठे?

१८७४ मध्ये ‘बॉम्बे सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू अॅनिमल्स’ ही संस्था सुरू झाली. घोड्यांनी ओढायची ट्रामगाडीही मुंबईत त्याच वर्षी धावू लागली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ओझ्याखाली पिचलेले बैल आणि रस्त्यात कोसळणारे घोडे हे तेव्हाच्या शहराचे नित्याचे दृश्य होते. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे प्राण्यांसाठी रुग्णालय उभे राहिले व त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव देण्यात आले. परळ-लालबागच्या लोकांनी मात्र त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ हेच नाव कायम केले. याच परिसरात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे ट्रामचे घोडे गेले, बैलगाड्या गेल्या, गिरण्याही गेल्या. नाव मात्र टिकले. आता तेथे कुत्र्या-मांजरांच्या रांगेत पुठ्ठ्याच्या खोक्यात घार घेऊन उभा असलेला एखादा कॉलेजचा विद्यार्थीही दिसतो.

मांसाहारी पक्ष्यांना अशा रुग्णालयात जागा मिळणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. दिल्लीत चांदणी चौकातील जैन पक्षी रुग्णालय प्रसिद्ध आहे, परंतु मांसाहारी पक्ष्यांना तेथे ठेवून न घेण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या भावांनी जखमी घारींवर आपल्या घरीच उपचार सुरू केले. त्यांच्या कामावर ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ मध्ये निघाला व जगभर गाजला. दयेची परंपरा थोर असली, तरी तिच्यात घारीसाठी जागा नव्हती, हे या उदाहरणावरून दिसते. वन्यजीव पुनर्वसनात प्राण्याचा आहार आणि स्वभाव जसा आहे तसा स्वीकारावा लागतो. घुबडाच्या पिल्लाला जगवायचे तर त्याच्यापुढे उंदीर ठेवावाच लागतो.

वर्षभरातील रुग्ण

रुग्णांची ये-जा शहराच्या पंचांगाप्रमाणे चालते. जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास मांज्याने कापलेले पक्षी येतात. यात पारव्यांची संख्या मोठी असते, कारण शहरात तेच सर्वांत अधिक आहेत. त्यांच्या खालोखाल घारी, कावळे, बगळे व घुबडे येतात. नायलॉनचा मांजा कुजत नाही आणि तुटतही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तथापि तो बाजारातून नाहीसा झालेला नाही. सण एका दिवसाचा असला, तरी झाडांवर आणि तारांवर अडकलेला मांजा पुढे अनेक आठवडे पक्षी अडकवीत राहतो. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत त्वचेचा एक पातळ पडदा असतो. त्यावरच उड्डाण अवलंबून असते आणि मांजा नेमका तोच पडदा कापतो. जखम भरून येते, परंतु आतील कंडरा तुटली असेल तर पंख पुरता उघडत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारी घार मग पाच फूट उडून खाली बसते.

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाने व तहानेने कोसळलेले पक्षी येतात. त्यांतील बऱ्याच पक्ष्यांना जखम नसते. सावली, विश्रांती आणि क्षारयुक्त पाणी एवढ्या उपचारावर ते एक-दोन दिवसांत उठून बसतात. या कामातील सर्वांत सुखाचे रुग्ण हेच. पावसाळ्यापूर्वी शहरात झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, त्या वेळी रातबगळ्यांची घरटी पिल्लांसह खाली येतात व नारळाच्या झावळ्यांबरोबर खारीची डोळे न उघडलेली पिल्ले पडतात.

जून-जुलैत अरबी समुद्रावरील वादळी वाऱ्यांनी भरकटलेले खोल समुद्रातील पक्षी किनाऱ्यावर किंवा थेट वस्तीत उतरतात. मास्क्ड बूबी, काजळी सुरय असे हे पक्षी एरवी मुंबईकरांच्या दृष्टीस पडत नाहीत. ते उपाशी व थकलेले असतात. समुद्रपक्षी आहे म्हणून त्याला लगेच समुद्रात सोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या स्थितीत तो बुडतो. दुसरीकडे, त्याला फार दिवस पिंजऱ्यात ठेवले तर पिसांचा जलरोधकपणा कमी होतो, आणि पाण्यावर तरंगण्याची सवय असलेल्या शरीराला कठीण जमिनीवर बसून छातीच्या हाडावर जखमा होतात. म्हणजे घाई केली तरी नुकसान आणि उशीर केला तरी नुकसान. शिवाय त्याला सोडायचे तर वादळ शमण्याची वाटही पाहावी लागते.

श्रावणात नागपंचमीच्या आसपास गारुड्यांकडून जप्त केलेले नाग येतात. त्यांचे विषदंत उपटलेले असतात, विषग्रंथींना इजा झालेली असते आणि बळजबरीने पाजलेले दूध फुप्फुसात गेलेले असते. साप दूध पचवू शकत नाही. तहानेने व्याकूळ ठेवल्यामुळे समोर येईल ते तो गिळतो, आणि पाहणाऱ्यास ती भक्तीची पावती वाटते. वर्षभर येणाऱ्यांत उंदरांसाठी लावलेल्या चिकट फळ्यांवर अडकलेल्या धामणी व लहान पक्षी यांचाही समावेश होतो. त्यांना ओढून काढल्यास कातडी किंवा पिसे उपटली जातात. खाद्यतेल चोळून हळूहळू सोडवावे लागते.

‘अनाथ’ पिल्ले

सापडलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. किंबहुना केंद्रात आणली जाणारी पुष्कळ पिल्ले घरच्यांपासून उचलून आणलेली असतात. कावळ्याचे किंवा पिंगळ्याचे पिल्लू घरटे सोडल्यावर काही दिवस जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर धडपडत असते. त्या काळात आईबाप जवळच असतात व त्याला भरवत असतात. मे-जून महिन्यांत चाळीच्या अंगणात ये-जा करणाऱ्यांच्या डोक्यावर कावळे झडप घालतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. असे पिल्लू सद्भावनेने घरी नेले की जे पोरकेपण नव्हते ते निर्माण होते. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला पक्षी टाकून देतात ही समजूत सर्वत्र आढळते, परंतु ती खरी नाही. म्हणून लहान पिल्लू शक्य असल्यास घरट्यात परत ठेवावे. घरटे मोडले असेल तर करंडी किंवा भोके पाडलेली टोपली त्याच झाडाला बांधून त्यात पिल्लू ठेवावे आणि दूर उभे राहून पाहावे. आई परत येण्यास तास-दोन तास लागतात व तेवढा धीर धरणे जड जाते, असा अनुभव आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात हेच तत्त्व बिबट्याच्या बाबतीत पाळले जाते. तेथे माद्या उसाच्या शेतात वितात आणि ऊसतोडीच्या वेळी बछडी मजुरांच्या नजरेस पडतात. पूर्वी अशी बछडी उचलून आणली जात व जन्मभर पिंजऱ्यात राहत. आता वनविभाग आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र सांभाळणारी ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था बछड्यांची तपासणी करून, अंधार पडण्याच्या सुमारास, त्यांना जेथे सापडली त्याच जागी उघड्या खोक्यात ठेवतात व आसपास कॅमेरे लावतात. रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. माणसांनी तेथून दूर राहणे एवढाच उपचार.

उपचारांची रीत

वन्य प्राणी दुखणे लपवतो, कारण रानात अशक्त दिसणे म्हणजे शिकार होणे. तो हाती लागतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यातच माणसाचा स्पर्श, आवाज आणि उजेड यांचा त्याला एवढा धसका बसतो की केवळ त्यानेही मृत्यू ओढवू शकतो. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे हवेसाठी भोके पाडलेले खोके, अंधार आणि शांतता. नागरिकांनी एवढेच करावे, अशी या क्षेत्रातील जाणकारांची अपेक्षा असते. चोचीत पाणी ओतणे घातक ठरते; पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने पाणी फुप्फुसांकडे जाते. पक्ष्यांना दूध पचत नाही. खारीच्या पिल्लाला गाईचे दूध पाजल्यास हगवण लागून ते दगावते.

केंद्रात आल्यावर आधी शरीराची ऊब, मग पाणी व क्षार, आणि त्यानंतरच अन्न, असा क्रम असतो. अनेक दिवसांच्या उपाशी प्राण्याला एकदम पोटभर खाऊ घातले तर ते सोसत नाही. पक्ष्यांची हाडे लवकर सांधतात. साधे मोडलेले हाड दोन-तीन आठवड्यांत जुळते. मात्र मोड सांध्याजवळ असेल तर सांधा आखडतो आणि उड्डाण जाते. मोडलेल्या पिसांच्या जागी, गळून पडलेली त्याच जातीची पिसे बांबूच्या किंवा धातूच्या बारीक काडीने जोडता येतात. ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांची ही जुनी विद्या आज पुनर्वसनाच्या कामी आली आहे. बेकायदा विक्रीतून सोडवलेल्या पोपटांचे पंख कातरलेले असतात. कातरलेले पीस वाढत नाही; ते झडून नवे येईपर्यंत काही महिने थांबावे लागते.

पिल्ले वाढवणे हे तासातासाचे काम आहे. लहान पक्ष्यांच्या पिल्लांना दिवसभर थोड्या थोड्या वेळाने भरवावे लागते. खारीच्या पिल्लांना दूध पाजून झाल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसावे लागते, त्याशिवाय त्यांना लघवी होत नाही. आई हे काम जिभेने करते. शिकारी पक्ष्यांच्या पिल्लांना नुसता खिमा दिला तर चुन्याच्या अभावी हाडे वाकतात. त्यांना भक्ष्य हाडांसकट द्यावे लागते.

माणसाळण्याचा धोका

या क्षेत्रातील सर्वांत अवघड पथ्य प्रेमासंबंधीचे आहे. एकट्याने माणसाच्या हातून वाढलेले घुबडाचे किंवा घारीचे पिल्लू माणसालाच आपल्या जातीचे समजू लागते. मोठे झाल्यावर ते भक्ष्य मागण्यास माणसाकडे येते, स्वजातीयांशी जोडी जमवू शकत नाही, आणि त्याला सोडणे म्हणजे मरणाकडे पाठवणे ठरते. म्हणून भरवताना चेहरा झाकणे, न बोलणे, नाव न ठेवणे, एकाच जातीची पिल्ले एकत्र वाढवणे हे नियम पाळले जातात. रात्री-अपरात्री उठून ज्याला भरवले, त्याने आपल्याला पाहताच दूर पळावे आणि ते पाहून आपण समाधान मानावे, अशी ही उलटी माया आहे. स्वयंसेवक हे काम सोडतात त्याला पैशाइतकेच हेही कारण असते.

गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे यांनी उभे केलेले प्राण्यांचे अनाथालय महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. माडिया गोंड शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू त्यांनी मागून घेतले, तेथून त्याची सुरुवात झाली. ‘रानमित्र’ या पुस्तकात त्यांनी या प्राण्यांविषयी लिहिले आहे. आईविना, माणसांत वाढलेले बिबटे व अस्वले जंगलात परत जाऊ शकत नाहीत. त्यांना जन्मभर सांभाळणे एवढाच मार्ग उरतो. काटेकोर अर्थाने हे पुनर्वसन नव्हे, आणि त्यामुळे त्याचे मोल कमी होते असेही नाही. आदिवासींनी पिल्ले मारून खाण्याऐवजी तेथे आणून देण्यास सुरुवात केली, हा त्याचा परिणाम कोणत्याही व्याख्येत बसवता येत नाही.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. ज्याच्या ताब्यात असा प्राणी येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. पोपट पाळणे हाही गुन्हा आहे, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ हा आहे. मुंबईत वनविभागास साहाय्य करणाऱ्या स्वयंसेवी संस्था, सर्पमित्र आणि पक्षिमित्र आहेत. त्यांनाही पकडलेल्या प्राण्याची नोंद वनविभागाकडे करावी लागते व सुटकाही त्याच्या संमतीने करावी लागते. कागदपत्रांचा हा व्याप कार्यकर्त्यांना जाचक वाटतो, परंतु बचावाच्या नावाखाली साप बाळगून त्यांचे खेळ करणारेही आढळलेले असल्याने तो अनाठायी म्हणता येत नाही.

मर्यादा

आणलेल्या प्राण्यांपैकी फार मोठा भाग वाचत नाही आणि मृत्यू बहुतांशी पहिल्या दोन दिवसांतच होतात. वाचलेल्यांपैकी काही कायमचे अपंग राहतात. एका पंखाने अधू झालेली घार पुढे अनेक वर्षे जगू शकते, पण तिने व्यापलेला पिंजरा तेवढी वर्षे दुसऱ्या घारीला मिळत नाही. दक्षिण-मध्य मुंबईत जागेची टंचाई माणसांनाच आहे; पक्ष्याला पंखांत बळ येण्यासाठी लांबलचक उड्डाणगृह लागते, त्यासाठी परळ-दादरमध्ये जमीन कोठून आणणार?

असह्य वेदनेतील प्राण्यास दयामरण देणे पशुवैद्यकास कधी कधी आवश्यक वाटते. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. देणगीदारांपैकी अनेकांना जीवदयेच्या श्रद्धेमुळे दयामरण मान्य नसते. पांजरापोळाचे तत्त्व आणि पुनर्वसनाचे तत्त्व येथे समोरासमोर येतात. दोन्ही बाजूंना करुणाच असते, म्हणून हा वाद सहजी मिटत नाही.

तस्करीतून जप्त केलेल्या प्राण्यांचा प्रश्न निराळा आहे. स्टार कासव हा कोरड्या, विरळ झुडपांच्या प्रदेशातील प्राणी. त्याला मुंबईच्या दमट हवेत सोडता येत नाही, आणि ते मूळचे कोठले हे कळल्याशिवाय अन्यत्रही सोडणे योग्य नसते. लाल कानाची अमेरिकी कासवे तर येथील नव्हेतच. घरी कंटाळा आल्यावर ती तलावात सोडणारे लोक देशी कासवांचे नुकसान करतात.

सुटका आणि त्यानंतर

प्राणी कोठे सोडावा हा प्रश्न कसा सोडावा याइतकाच महत्त्वाचा आहे. जुन्नर भागात या शतकाच्या आरंभी बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले वाढले, असे डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या तेथे स्थिर होत नाही. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नराला गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. डोंगर, लोहमार्ग, महामार्ग व वस्त्या ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो काही आठवड्यांत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. या साऱ्या प्रवासात त्याने माणसावर हल्ला केला नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मरण पावला. २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी त्याच्यावर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट काढला.

गळ्यात पट्टा असल्यामुळे आजोबाचे काय झाले ते कळले. लालबागला सापडून परळला बऱ्या झालेल्या घारीचे सुटकेनंतर काय होते, हे सहसा कळत नाही. शिक्षकाला शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची खबर जेवढी लागते, त्याहूनही कमी. प्रौढ पक्षी शक्य असेल तेव्हा जेथे सापडला तेथेच सोडतात, कारण तेथील झाडे, पाणी व शेजारी त्याच्या ओळखीचे असतात आणि कदाचित जोडीदारही तेथेच असतो. हातावर वाढवलेल्या पिल्लांसाठी पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून काही दिवस तेथे अन्न ठेवतात. ती येत-जात हळूहळू येणे बंद करतात. घारीला सोडण्यास उन्हे तापल्यानंतरची वेळ बरी, कारण तेव्हा वर चढणाऱ्या उष्ण हवेवर तिला फारसे पंख न मारता उंची गाठता येते. घुबडासाठी मात्र दिवस मावळण्याची वाट पाहावी लागते, नाहीतर गल्लीतील कावळे त्याच्या पाठीस लागून त्याला पुन्हा जमिनीवर आणतात.